पहिल्या धारेचं पाणी पिऊ नका

प्रश्न : आमच्याकडे दिवसाआड तासभर पाणी येतं. शुद्धीकरण केंद्राचा अहवाल उत्तम आहे म्हणतात, तरी पावसाळ्यात गल्लीत जुलाब आणि कावीळ असतेच. हे कसं?

उत्तर : अहवाल खरा असेल आणि तुमचं दुखणंही खरं. पाणी बहुतेक वेळा वाटेत बिघडतं. पुरवठा थांबला की जलवाहिनी रिकामी होते, आतला दाब उतरतो आणि गळक्या सांध्यांतून भोवतालची घाण आत ओढली जाते. तुमचा नळजोड गटारातून तर आलेला नाही ना, हे एकदा वाकून बघाच. कुणी नळाला थेट मोटर लावली की ही ओढ वाढते आणि शेजारच्या लेकरांच्या पोटात गटार जातं. मोटर लावणाऱ्यांना हात जोडून सांगते, ती काढा.

२०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसं दगावली. ती हिपॅटायटिस ई होती. हा विषाणू पाण्यातून पसरतो आणि गरोदर बाईच्या जिवावर उठतो. म्हणून पाणी आल्यावर पहिली काही मिनिटं ते धुण्याभांड्याला घ्या, स्वच्छ धार लागल्यावरच पिण्याचा हंडा भरा आणि साथीच्या दिवसांत तेही उकळा. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरतं. खरा उपाय मात्र वाहिनीत सतत दाब ठेवण्याचा. कराडजवळच्या मलकापूरने चोवीस तास पाणी देऊन दाखवलं आहे. मोठ्या शहरांना ते जमणार नाही, हे मला पटत नाही.

प्रश्न : पाण्याला औषधाचा वास येतो, मुलं तोंड लावत नाहीत. नुसती तुरटी फिरवली तर चालेल?

उत्तर : नाही. तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. गढूळ पाण्यात क्लोरीनही नीट काम करत नाही, म्हणून आधी निवळणं, गाळणं आणि मग उकळणं किंवा मेडिक्लोर (पाण्यात टाकायचं क्लोरीनचं औषध). आणि क्लोरीनच्या त्या हलक्या वासाला घाबरू नका. नळाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं असावं, असं भारतीय मानक सांगतं. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता भागात जीबीएसचे (गुइलेन-बॅरे सिंड्रोम, नसांवर हल्ला करून हातपाय लुळे पाडणारा आजार) रुग्ण वाढले, तेव्हा संशय पिण्याच्या पाण्यावरच गेला होता. काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा जुलाब करणारा जंतू सापडला. हा जंतू क्लोरीनने मरतो. मुलांसाठी भरलेलं भांडं तासभर पातळ फडक्याने झाकून ठेवा, वास बराच उतरतो.

प्रश्न : आरओ बसवू का?

उत्तर : आधी टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजा. लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या आत असेल तर आरओची गरज नाही. बरंचसं पाणी वाया जातं आणि क्लोरीनही निघून जातं. बोअरचं खारं किंवा फ्लोराइडचं पाणी असेल तर गोष्ट वेगळी.

प्रश्न : तक्रार केली तर 'पाणी चांगलं आहे' एवढंच उत्तर मिळतं. काय करावं?

उत्तर : तुमच्या नळावर, पाणी येत असताना ओटी टेस्ट, म्हणजे क्लोरीनची तपासणी, करायला सांगा. ओटी द्रावणाचे दोन थेंब टाकले की क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. (ते पाणी ओतून द्यायचं, प्यायचं नाही.) रंगच आला नाही तर तारीख, वेळ, घर क्रमांक लिहून लेखी अर्ज द्या आणि जिवाणू तपासणी मागा. १०० मिलिलिटर पाण्यात एकही ई. कोलाय (विष्ठेतून येणारा जंतू) चालत नाही. गल्लीतल्या शेवटच्या नळाचा नमुना आवर्जून घ्यायला लावा. टाकीजवळच्या नळाला रंग येतो, टोकाच्या घरी येत नाही, हे मी कितीदा पाहिलं आहे.