खेळाडूला पैसे दिले की सामने एकतर्फी होतात?

अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची घडी गेल्या काही वर्षांत पार बदलली. 1 जुलै 2021 पासून खेळाडू स्वतःच्या नावाच्या जाहिरातींतून कमवू लागले. 6 जून 2025 रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी खेळाडूंनी मोबदल्यासाठी लढवलेल्या ‘हाउस’ खटल्यातल्या तडजोडीला मान्यता दिली आणि 1 जुलैपासून कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षाची कमाल मर्यादा प्रत्येक कॉलेजला सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलर. त्यावर आलेल्या प्रश्नांपैकी हे काही.

प्रश्न : पूर्वी निदान सगळी कॉलेजं एका पातळीवर होती. आता श्रीमंत कॉलेजं चांगली पोरं विकत घेणार. बरोबरी संपलीच ना? (एक वाचक, टेक्सास)

कुठली बरोबरी म्हणता? 2009 ते 2020 या काळात एकट्या अलाबामाने फुटबॉलची (म्हणजे अमेरिकन फुटबॉलची) सहा राष्ट्रीय विजेतेपदं नेली, तीही खेळाडूला शिष्यवृत्तीपलीकडे फारसं काही मिळत नव्हतं तेव्हा. पैसा तेव्हाही होताच, फक्त तो खेळाडूच्या खिशात न जाता इतरत्र जायचा. क्लेमसनने साडेपाच कोटी डॉलर खर्चून फुटबॉलची इमारत उभारली, तिच्यात घसरगुंडीसुद्धा आहे. तुमच्याच टेक्सास ए अँड एमने 2023 मध्ये प्रशिक्षक जिम्बो फिशर यांना काढलं, तेव्हा करार मोडल्यापोटी साडेसात कोटींहून अधिक डॉलर कबूल केले. ज्याच्याकडे घसरगुंडी आणि नावाजलेला प्रशिक्षक, त्याच्याकडे पोरं जाणारच.

एनसीएए ही कॉलेज खेळांचे नियम ठरवणारी संस्था ‘पैसे दिले तर समतोल बिघडेल’ असं कोर्टात वर्षानुवर्षं सांगत आली. माजी कॉलेज खेळाडू एड ओ’बॅनन यांच्या खटल्यात 2014 मध्ये विल्कनबाईंनीच तो मुद्दा फेटाळला होता.

प्रश्न : मग पैसे आल्यावर फुटबॉलमध्ये उलट रंगत वाढली, असं म्हणायचं का? (एक वाचक, शिकागो)

वरच्या वर्तुळात, हो. ऑक्टोबर 2024 मध्ये व्हँडरबिल्टने पहिल्या क्रमांकावरच्या अलाबामाला 40-35 असं हरवलं. त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईचा सूत्रधार, डिएगो पाव्हिया न्यू मेक्सिको स्टेटहून आलेला. पुढच्या हंगामात तर इंडियानाने कमाल केली. जिच्या नावावर पराभवांचा डोंगर होता ती इंडियाना एकही सामना न हरता राष्ट्रीय विजेती झाली, तेही कॅलिफोर्निया विद्यापीठातून आलेल्या फर्नांडो मेंडोझाच्या जोरावर.

यामागचं गणित सोपं आहे. पूर्वी बड्या संघाला 85 शिष्यवृत्त्या देता येत. तिसऱ्या फळीत बसलेला मुलगा दुसरीकडे पहिल्या फळीत खेळला असता, पण कॉलेज बदललं की बहुतेकांना वर्षभर बाहेर बसावं लागे. ती अट 2021 मध्ये सैल झाली आणि 2024 मध्ये गेलीच. आता त्याला दुसरीकडे जागाही मिळते आणि पैसेही. म्हणून श्रेय एकट्या पैशाला देऊ नका. बदलीची मोकळीक तितकीच महत्त्वाची. आणि इंडियानाला गरीब समजू नका. ती बिग टेन या बड्या कॉलेजांच्या गटात आहे, टीव्हीचा पैसा तिच्याकडेही येतो.

प्रश्न : आमच्या गावच्या सेंट पीटर्सने 2022 मध्ये बास्केटबॉलमध्ये धमाल उडवली होती. तसं पुन्हा होईल? (एक वाचक, जर्सी सिटी)

अवघड आहे, आणि माझी खरी काळजी इथेच आहे. पंधराव्या मानांकनाच्या त्या संघाने केंटकी आणि पर्ड्यूला घरी पाठवून राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम आठांत धडक मारली. आठवडा उलटायच्या आत प्रशिक्षक शाहीन हॉलोवे सीटन हॉलला गेले, पाठोपाठ खेळाडूही पांगले. हे थेट पगार सुरू होण्याआधीचं.

2025 च्या स्पर्धेत शेवटचे सोळाही संघ चार बड्या गटांतलेच निघाले, आणि उपांत्य फेरीत चारही अव्वल मानांकित. बास्केटबॉलमध्ये पाच जण मैदानात असतात, दोन चांगले खेळाडू उचलले की छोटा संघ संपला. फुटबॉलमध्ये पैशाने वरच्यांची गर्दी वाढवली. इथे मात्र दार लावून घेतलंय. ‘समतोल वाढला की घटला’ याला म्हणूनच एक उत्तर नाही. बड्यांच्या आपापसांत वाढला, बडे आणि बाकीचे यांच्यात घटला.

प्रश्न : आयपीएलसारखी सगळ्यांना सारखी पर्स ठेवली की झालं! (एक वाचक, नाशिक)

आयपीएलमध्ये 2025 च्या लिलावाला प्रत्येक संघाची पर्स 120 कोटी रुपये होती, आणि ती जवळजवळ सगळेच खर्च करतात. कॉलेजांची पहिल्या वर्षाची 2 कोटी 5 लाख डॉलर ही फक्त कमाल मर्यादा. किमान काही नाही. मोठी कॉलेजं तिथपर्यंत जातात, छोट्यांची बरीचशी तेवढी ऐपतच नाही. शिवाय मर्यादेबाहेर जाहिरातींचे करार आहेतच. 600 डॉलरवरचे करार तपासून मंजूर करायची व्यवस्था आहे, पण धनाढ्य माजी विद्यार्थ्यांची कल्पकता मोठी!

मूळ अडचण कायद्याची. अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये पगाराची मर्यादा टिकते, कारण खेळाडूंच्या संघटनेने ती वाटाघाटीत मान्य केलेली असते. कॉलेजं खेळाडूंना कर्मचारी म्हणायलाच तयार नाहीत. मग संघटना नाही, करार नाही, आणि प्रत्येक नियम स्पर्धाविरोधी म्हणून कोर्टात खेचता येतो. नोकरदार म्हणून मान्य करा आणि बोलणी करा, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रश्न : मुलगी टेनिस खेळते, अमेरिकेतल्या कॉलेजशी बोलणी चालू आहेत. तिला यातले पैसे मिळतील? (एक पालक, पुणे)

त्या आशेवर जाऊ नका. बहुतेक वाटा फुटबॉल आणि पुरुष बास्केटबॉलला जातो. त्यात एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर कमाईला कडक मर्यादा आहेत. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला आणि व्हिसाच्या वकिलाला विचारल्याशिवाय कसल्याही करारावर सही नको.

शिष्यवृत्तीचं मात्र नीट विचारा. महिला टेनिसला पूर्वी 8 शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. तडजोडीत सामील झालेल्या कॉलेजांना आता 10 जणींचा संघ ठेवून सगळ्यांना शिष्यवृत्ती देता येते. देतीलच असं नाही. पैशाची ओढाताण झाली की कात्री अशाच खेळांवर चालते. कॅल पॉलीने मार्च 2025 मध्ये पोहण्याचा संघच बंद केला. तेव्हा संघ चार वर्षं टिकेल का आणि बंद झाला तर शिष्यवृत्तीचं काय, हे प्रशिक्षकाला आधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या.