मुलाला वायडी लागलाय आणि कामाची डेडलाईन डोक्यावर, काम बंद करू का?

"मॅडम, पोरगं असं झालंय, तर काम बंद करून त्याच्याजवळ बसू का?" मी समुपदेशन करते, आणि हा प्रश्न सांगलीत मला बरेच बाप विचारतात. (आया विचारत नाहीत, त्या परस्पर नोकरी सोडून मोकळ्या होतात, तो वेगळा विषय.) म्हणून एक केस सांगते. परवानगी घेतलीय, आणि ओळख पटेल अशा गोष्टी बदलल्यात.

विश्रामबागला राहणारे एक गृहस्थ, घरूनच वेबसाइटची कामं करतात. मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगला, सेकंड इयरला विषय राहिले आणि वायडी (इयर डाउन) लागला, म्हणजे पुढच्या वर्षात बसताच येईना. पोरानं हे चार-पाच महिने घरी सांगितलंच नाही, मेसचे पैसे मागत राहिला, कॉलेजला जातोय म्हणत राहिला, शेवटी रूम पार्टनरनं आईला फोन केला तेव्हा कळलं. घरी आणला तर दुपारी दोनपर्यंत झोप, अंघोळ नाही, मित्रांचे फोन उचलायचे नाहीत, ताटातलं तसंच.

आणि नेमकं तेव्हाच वडिलांच्या हातात एका जुन्या साइटचं मोठं काम. कोड पीएचपी ५.६ मधला (पीएचपी म्हणजे वेबसाइट बनवायची एक भाषा), त्याचा सपोर्ट २०१८ च्या शेवटीच संपलेला, आणि आता होस्टिंगवाला म्हणतोय महिनाअखेरीला जुनं व्हर्जन बंद. पहिल्या भेटीत ते मला हेच समजावत बसले, की डेटाबेसशी बोलणारी जुनी मायएसक्यूएल फंक्शन्स पीएचपी ७ पासून काढूनच टाकलीत, त्यामुळं एकेक फाइल उघडून बदलायला लागते, इकडं नीट केलं की तिकडं पांढरी स्क्रीन येते. मला निम्मं कळलं नाही. पण माणूस पोराविषयी बोलायला आलाय आणि कोडविषयी बोलतोय, एवढं कळलं. तिथं निदान एरर कितव्या लाइनला आहे ते तरी लिहून येतं ना.

त्यांच्या डोक्यात दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे काम सोडून द्यायचं, नाहीतर पोरालाच या कामात बसवायचं, "मन रमेल हो त्याचं". मी दोन्हीला नको म्हटलं. काम सोडलं तर दिवसभर दोघं एकमेकांकडं बघत बसणार, वर पोराला वाटणार माझ्यापायी बाबांचं कामपण गेलं. आणि ज्यात तो आत्ताच आपटलाय त्यातच त्याला बसवायचं, शेजारी चुका काढायला बाप, याला मदत नाही म्हणत.

त्याआधी एक सांगितलं, त्याला सरळ विचारा, मरावंसं वाटतं का. ते गप्पच झाले. विचारलं तर नसलेलं डोक्यात भरेल अशी भीती सगळ्यांनाच असते, पण तसं होत नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्यांनी विचारलं. पोरगं म्हणालं, पुण्यात असताना वाटलेलं, आता नाही. तरी मी त्याच आठवड्यात सायकियाट्रिस्टकडं पाठवलं, कारण झोप, भूक, अंघोळ सगळंच बिघडलं की नुसतं समुपदेशन पुरत नाही आणि औषध काय मी देऊ शकत नाही. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर तिघांच्याही फोनमध्ये सेव्ह करायला लावला, फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीतपण बोलता येतं.

मग कामाचं. महिनाअखेरीला जेवढं लागतंच तेवढंच करा, डिझाइन बिझाइन नंतर, क्लायंटला फोन करून घरी आजारपण आहे म्हणून सांगा. लॅपटॉप बेडरूममधून हॉलमध्ये आणा. संध्याकाळी सहाला तो मिटायचा, पोराला घेऊन आमराईत एक चक्कर, अभ्यासाचा विषय काढायचा नाही. जेवणानंतर काम करायचं तर हॉलमध्येच, तो तिथं येऊन बसला तर बसू दे, बोलावायचं नाही. या वयाची बरीच पोरं समोर बसवून "बोल आता" म्हटलं की मिटतात, शेजारी असली आणि बापाची नजर दुसरीकडं असली की सुटतात.

पहिले बरेच दिवस काहीच नाही. वडील वैतागले, मला फोनवर म्हणाले, "ओ मॅडम, नुसतं भडंग खातंय आणि मोबाईल बघतंय." म्हटलं खाऊ दे, आधी तेपण खात नव्हता.

मग एका रात्री हे कोडात डोकं घालून बसलेले आणि पोरगं मागून म्हणालं, "एम थ्रीच्या (गणिताच्या) पेपरला मी गेलोच नव्हतो."

अशा वेळी काय करायचं नाही हे आमचं बोलून झालेलं, वळून बघायचं नाही, "का" विचारायचं नाही. त्यांनी टायपिंग चालूच ठेवलं, म्हणाले, "मग कुठं होतास?"

"स्वारगेटला. सांगलीच्या गाड्या बघत बसलेलो."

त्या रात्री दोघं एकपर्यंत बोलत होते म्हणे, फी, खोटं बोलणं, सगळं निघालं. बाप एकदा चिडलापण, ते ठीक आहे, पुतळा करून बसा असं मी म्हटलं नव्हतं.

साइट नव्या व्हर्जनवर गेली, थोडी उशिरा. पोरानं राहिलेल्या विषयांचे फॉर्म भरलेत, सुटतील का नाही आत्ता सांगता येत नाही, औषध चालू आहे, अंघोळ रोज करतो. आईला मात्र अजून वाटतं की बाप-लेक तिच्यापासून काहीतरी लपवतायत, तिला पुढच्या आठवड्यात एकटीला बोलावलंय.