१६ जीबी रॅम असूनही प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये फोर-के फुटेज अडकतं, ग्राफिक कार्ड बदलू का?

कार्डाला हात लावू नका, आधी प्रॉक्सी करा, म्हणजे एडिटिंगपुरत्या फुटेजच्या हलक्या नकला. आय-फाइव्ह आणि १६ जीबीवर लग्नाचं काम निघतं, आमचं रोज निघतं.

या विषयावरून आमच्या घरात वाद झालेत, म्हणून लिहितोय. सेलूला दाजींचा फोटो स्टुडिओ आहे. शूटिंग त्यांचं, मिक्सिंग म्हणजे एडिटिंग माझं. दाजींनी फोर-के, १०-बिट ४:२:२ वाला (म्हणजे रंगांची जास्त माहिती साठवणारा) कॅमेरा घेतला आणि टाइमलाइन अडकायला लागली. आवाजात मंगलाष्टका संपून बँड सुरू व्हायचा, अन् स्क्रीनवर नवरी अजून अंतरपाटामागंच. दाजी सोयाबीनचे पैसे घेऊन संभाजीनगरला गेले आणि दुकानदाराच्या सांगण्यावरून एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०६० ग्राफिक कार्ड घेऊन आले. टाइमलाइन तशीच. ४:२:२ चं एच.२६५ (दाबून लहान केलेलं) फुटेज त्या कार्डाला डिकोडच करता, म्हणजे उलगडताच येत नाही, एनव्हिडियानं ती सोय आरटीएक्स ५० सिरीजपासून दिली. इंटेलच्या ११व्या पिढीपासून प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्समधली क्विक सिंक ही सोय ते काम करते, पण त्याच दुकानदारानं आधी स्वस्तात पडतो म्हणून 'एफ'वाला प्रोसेसर गळ्यात मारला होता. 'एफ'मध्ये आतलं ग्राफिक्स नसतं, म्हणजे क्विक सिंकही नाही. दुकानदाराला हे माहीत असायलाच पाहिजे. शेतातला पैसा असा घालवायचा नसतो.

मग मी प्रॉक्सी सुरू केल्या. दाजी म्हणाले, "पार्टीला नकली फुटेज देतो का रे?" दाजी, एक्स्पोर्टला प्रीमियर मूळ फाइलच घेतं, किती वेळा सांगू! लग्नाहून आलं की मेमरी कार्ड रिकामं करायचं, मीडिया एन्कोडरला (प्रीमियरच्या जोडीचं फाइल बनवायचं सॉफ्टवेअर) ७२०च्या, म्हणजे लहान आकाराच्या प्रॉक्सी लावायच्या आणि झोपायचं. सकाळी टाइमलाइन पळते. फक्त नंतर मूळ फाइलींची नावं बदलू नका, लिंक तुटते.

मीडिया कॅशे, म्हणजे प्रीमियरच्या तात्पुरत्या फाइली, एसएसडीवर ठेवा. आणि आपल्याकडं मे महिन्यात पारा ४२च्या वर जातो, तेव्हा कॅबिनेटमधली धूळ ब्लोअरनं काढाच. तापला की प्रोसेसर आपोआप वेग कमी करतो आणि लोक सॉफ्टवेअरला शिव्या देतात.

हां, डाव्हिन्ची या सॉफ्टवेअरात ग्रेडिंग (रंग सुधारणं) किंवा नॉइज रिडक्शन (चित्रातले दाणे काढणं) करत असाल तर चांगलं कार्ड लागतंच, तिथं दाजींचं बरोबर. मोबाइलच्या क्लिपांचा फ्रेम रेट कमीजास्त होत असतो, त्या आधी हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून एकसारख्या करून घ्या. तुमचा कॅमेरा कोणता ते तुम्ही लिहिलं नाही. ८-बिट ४:२:० असेल तर हल्लीचं कुठलंही कार्ड ते डिकोड करतं, मग दोष बहुतेक हार्ड डिस्कचा.

तरीही कार्ड घ्यायचंच असेल तर स्वतःच्या कॅमेऱ्याची क्लिप पेनड्राइव्हवर घेऊन दुकानात जा आणि ते कार्ड लावलेल्या मशीनवर प्रीमियरमध्ये चालवायला सांगा. टास्क मॅनेजरमध्ये 'व्हिडिओ डिकोड'चा आलेख वर गेला तरच पैसे मोजा.