मधात खेळूनही घोडा काहून गेला?

प्रश्न: माही पोरगी नववीत आहे, आम्ही दारव्हा तालुक्यातले. तिच्या सरनं बुद्धिबळात शिकवलं का पहिले मधातली प्यादी काढायची. अमरावतीच्या स्पर्धेत समोरच्या पोट्ट्यानं पहिल्यांदा प्यादं सी४ वर केलं (सी४, जी२ ही पटावरच्या घरांची नावं), मंग घोडा सी३, जी३ अन् उंट जी२ वर. पोरीनं ई५, घोडा एफ६, डी५ केलं, डी५ वर मारामारी झाली, तिचा घोडा मधात बसला अन् तिनं दुसरा घोडा सी६ वर काढला. सहाव्याच चालीत घोडा गेला, डाव गेला. मंग मधात खेळून काय फायदा? चूक कुठं झाली?

उत्तर: भाऊ, मधात जाणं चूक नव्हतंच, सर बरोबर बोलले. पाचवी चाल पटावर मांडून बघा. डी५ च्या घोड्यावर दोघांचा मारा, सी३ चा घोडा आणि जी२ चा उंट, अन् त्याला जोर फक्त वजिराचा. पांढऱ्यानं, म्हणजे समोरच्यानं, घोड्यानं घोडा मारला की वजिरानं परत मारायची सोय नाही, कारण लगेच उंट वजीरच उचलतो. तिथं घोडा बी६ वर मागे न्यायचा, ही पक्की चाल आहे, खूप मोठे खेळाडू हेच करतात. नाहीतर सी३ वर घोडे बदलून टाकायचे, तेही चालतं.

बाजूनं खेळणारा मधलं मैदान सोडून देतो असं समजू नका, तो ते लांबून धरतो. सी४ चं प्यादं डी५ वर मारा ठेवतं आणि जी२ चा उंट ई४, डी५ पासून थेट ए८ च्या हत्तीपर्यंत बघत असतो, समोरची प्यादी हलली की तो जागा होतो. सी४ नं होणाऱ्या या सुरुवातीला इंग्लिश ओपनिंग म्हणतात, इंग्लंडच्या स्टाँटननं ते १८४३ मध्ये पॅरिसला फ्रान्सच्या सेंट-अमाँविरुद्ध खेळलं होतं. आणि १९२४ ला न्यूयॉर्कमध्ये रेटीनं दोन्ही उंट असेच बाजूला बसवून कापाब्लांकाला हरवलं, तेव्हाचा जगज्जेता, आठ वर्षांत एक डाव हरला नव्हता! मला तो डाव फार आवडतो, पोरीला नक्की दाखवा, मोबाईलवर लिचेस हे बुद्धिबळाचं अ‍ॅप फुकट आहे, त्यावर मांडता येईल.

तिसऱ्या चालीला डी५ ची भीती वाटत असंल तर उंट बी४ वर काढू द्या, मग किल्लेकोट करून राजा सुरक्षित ठेवायचा, समोरच्याच्या जी२ वरच्या उंटाची वाट लवकर उघडत नाही. पण मला विचाराल तर डी५ सोडू नका. प्रत्येक चालीआधी फक्त एवढं बघायला सांगा की जी२ च्या उंटाच्या रेषेत आपलं काय उभं आहे आणि त्याला जोर किती.