आरोग्यातील विषमता कमी करण्यात उद्योगांची नेमकी भूमिका काय असू शकते?

आपण विचारले आहे की, आरोग्यातील विषमता दूर करणे हे मुळात सरकारचे काम असताना उद्योगांनी त्यात आणखी काय करावे, आणि आरोग्य शिबिरे व देणग्या एवढे पुरेसे नाही का. माझ्या मते ते मुळीच पुरेसे नाही. मी एका कारखान्याच्या कार्मिक विभागात अकरा वर्षे हजेरीपट सांभाळला आहे आणि या प्रश्नाचे बरेचसे उत्तर मला त्या हजेरीपटातच सापडले.

आमच्याकडे दरवर्षी आरोग्य तपासणी होत असे. कार्यालयातील मंडळी आणि कायम कामगार यांची नावे यादीत असत. माल चढवणारे, बांधणी करणारे आणि साफसफाई करणारे कंत्राटी कामगार मात्र ठेकेदाराची माणसे म्हणून वगळले जात. एका वर्षी मी हट्टाने त्यांची साठ नावे यादीत घालून घेतली. प्रत्यक्षात सतरा जण आले. आमच्या विभागप्रमुखांनी अहवालात ‘कामगारांमध्ये जागरूकतेचा अभाव’ असे लिहिले आणि विषय मिटवला.

मला ते पटले नाही, म्हणून मी माल चढवण्याच्या धक्क्यावर जाऊन विचारले. पन्नाशीच्या एका हमालाने खिशातून डॉक्टरांची चिठ्ठी काढून दाखवली. ती घड्यांवर विरली होती आणि तिच्यावर लिहिलेली रक्ततपासणी कित्येक महिने झालेलीच नव्हती, कारण प्रयोगशाळेची वेळ आणि त्याच्या पाळीची वेळ एकच होती. तो म्हणाला, “साहेब, तपासणीला गेलो की तेवढा वेळ ठेकेदार कापतो. आणि समजा काही निघालंच, तर पुढचे खाडे कोण भरून देणार?” या माणसाला आपल्या आजाराची पूर्ण जाणीव होती आणि त्याने हिशेबही चोख केला होता, तो हिशेब आम्ही त्याच्यावर लादला होता.

त्यानंतर मी मागील तीन वर्षांचे हजेरीपट समोर ठेवून बसलो. कायम कामगारांच्या ओळींत आजारपणाच्या रजा सुट्या सुट्या विखुरलेल्या होत्या, इथे एक, तिथे दोन. कंत्राटी कामगारांच्या अनेक ओळींत महिनोन् महिने एकही खाडा नव्हता, मग अचानक वीस-पंचवीस दिवसांची सलग गैरहजेरी आणि त्यापुढे नावावर काट. एका गटाला दुखणे लहान असतानाच घरी थांबता येत होते. दुसरा गट कोसळेपर्यंत कामावर येत होता. आरोग्यातील विषमता म्हणजे काय, हे मला त्या दोन प्रकारच्या ओळींइतके स्पष्ट कोणत्याही व्याख्येने दाखवले नाही.

विभागप्रमुखांचे म्हणणे शेवटपर्यंत एकच होते: माणसाचे आरोग्य त्याच्या सवयींवर ठरते, त्यात कारखाना काय करणार? मला तेव्हा नीट उत्तर देता आले नाही, म्हणून आज देतो. ब्रिटनमध्ये १९६७ साली सरकारी कर्मचाऱ्यांचा ‘व्हाइटहॉल’ अभ्यास सुरू झाला. त्यातील सर्वांना कायम नोकरी होती आणि आरोग्यसेवाही एकच होती. तरीही सर्वांत खालच्या श्रेणीतील पुरुषांचा मृत्युदर सर्वांत वरच्या श्रेणीच्या जवळजवळ तिप्पट निघाला आणि धूम्रपान, रक्तदाब वगैरे नेहमीची कारणे जमेस धरूनही त्या तफावतीचा मोठा भाग शिल्लक राहिला. १९८५ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या अभ्यासात, आपल्या कामावर स्वतःचे नियंत्रण कमी असणे आणि हृदयविकार यांचा संबंध दिसून आला. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार, आठवड्याला ५५ तास किंवा अधिक काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा ३५ टक्क्यांनी जास्त असतो. आमच्या धक्क्यावर दुहेरी पाळी हा नित्यक्रम होता. तिला सवय म्हणायचे असेल, तर ती कारखान्याची सवय म्हणावी लागेल.

अखेर वर्षभराच्या वादानंतर दोन गोष्टी झाल्या. तपासणीचा वेळ हजेरीत धरला गेला आणि ठेकेदाराच्या करारात आजारपणाच्या काही भरपगारी रजांचे कलम आले. पुढच्या वर्षी साठांपैकी अठ्ठेचाळीस जण तपासणीला आले. माणसे तीच होती आणि भिंतीवरचे फलकही तेच होते.

उद्योगांचा परिणाम आपल्या कामगारांपुरता थांबत नाही, हे खरे आहे. ते काय विकतात, कोणाकडून माल घेतात, कुठे पैसा गुंतवतात आणि हवेत व पाण्यात काय सोडतात, यांवरही आरोग्य ठरते. तंबाखू विकून मिळालेल्या नफ्यातून कर्करोगाची शिबिरे भरवणाऱ्याला मी आरोग्याचा हितचिंतक मानत नाही. परंतु त्या बाजूंचा माझा अनुभव तोकडा आहे, म्हणून त्याविषयी अधिक लिहीत नाही.

हेही नमूद केले पाहिजे की माझा अनुभव एकाच कारखान्याचा आहे, आणि पाच-दहा माणसांच्या लहान उद्योगाला भरपगारी रजेचा बोजा खरोखरच जड जाऊ शकतो. तिथे कायद्याने सर्वांना सारखी किमान अट घालणे आणि खर्चाचा वाटा सामाजिक विम्याने उचलणे आवश्यक आहे. नाहीतर जो मालक रजा देतो तोच स्पर्धेत मागे पडतो. घर, शिक्षण, सार्वजनिक दवाखाने यांची जबाबदारी सरकारचीच राहील. मात्र एखादी कंपनी या बाबतीत काय करते हे आपल्याला तपासायचे असेल, तर तिच्या शिबिरांची छायाचित्रे बाजूला ठेवा, ठेकेदाराशी झालेला करार मागा आणि आजारी पडलेल्या दिवसाचा पगार कोणाला मिळतो व कोणाला मिळत नाही, ते त्यात पाहा.