बुंधा कशासाठी?

अनेक आशीर्वाद.

ग्रीक-रोमन शिल्पकलेची तुझी वही चाळली. आर्ष, अभिजात, हेलेनिस्टिक, रोमन असे कालखंडांचे चार रकाने, सुबक अक्षरात सनावळी. मार्क मिळतील. पण वहीभर एकही पाय काढलेला नाही, आणि ही सगळी गोष्ट मला तरी पायांतूनच उलगडली.

आरशासमोर उभा राहा. डावा पाय किंचित पुढे, वजन दोन्ही पायांवर सारखं, हात अंगालगत, मुठी वळलेल्या. हा झाला कूरोस. इ.स.पू. सहाव्या शतकातले ग्रीक दगडी तरुण असेच उभे असतात. ढब इजिप्तकडून आलेली. पाय पुढे टाकलाय, पण कंबरेला त्याची खबरच नाही!

आता वजन डाव्या पायावर घे, उजवा गुडघा सैल सोड. उजवीकडची कंबर उतरली ना? अथेन्सच्या ॲक्रोपोलिस संग्रहालयातला 'क्रिटिओस बॉय' हा पुतळा नेमका असा उभा आहे. साधारण इ.स.पू. ४८० चा. कंबर उतरलीय ती एवढीशीच, पण तिथवर यायला शंभराहून जास्त वर्षं लागली.

पुढे ग्रीक शिल्पकार पॉलिक्लीटसने हे गणित ब्राँझमध्ये पक्कं केलं. त्याचा 'भालाधारी' हा पुतळा इ.स.पू. ४४० च्या सुमाराचा. मूळ पुतळा हरवला. आपण फोटोत पाहतो ती इटलीतल्या पाँपेईत सापडलेली, आता नेपल्सला असलेली त्याची संगमरवरी रोमन प्रत. या प्रतीत उजव्या पायाशी झाडाचा बुंधा आहे. तू मागे पाठवलेल्या चित्रात तो गाळलास, शोभेचा समजून. अरे, ब्राँझ आतून पोकळ असतं, घोट्यांवर सहज पेलतं. संगमरवराचं तेवढं वजन घोट्यांवर टाकलं तर पाय तिथेच मोडेल. म्हणून बुंधा. तो दिसला की मागे एखादं हरवलेलं ब्राँझ असेल का, अशी शंका घ्यायची. दर वेळी खरी ठरत नाही, तरी घ्यायची.

(आम्ही पांढऱ्या प्लास्टरच्या प्रतींवरून शिकलो. त्यामुळे हे पुतळे मुळात रंगवलेले असत, हे पचायला मला फार वर्षं लागली.)

वहीतलं 'रोमन लोक नुसते नकलाकार' हे वाक्य मात्र खोड. १८६३ मध्ये रोमजवळ प्रिमा पोर्टाला सापडलेला रोमन सम्राट ऑगस्टसचा पुतळा बघ, सध्या व्हॅटिकनमध्ये आहे. पायांची ठेवण थेट भालाधारीची. अंगावर चिलखत, उजवा हात उंचावलेला. आणि बुंध्याच्या जागी काय? डॉल्फिनवर बसलेला छोटा क्युपिड, प्रेमदेवता व्हीनसचा मुलगा. ऑगस्टसचं घराणं स्वतःला व्हीनसचे वंशज म्हणवायचं. टेकू तर द्यायलाच हवा होता. कारागिराने त्याच टेकूत सम्राटाची वंशावळ बसवून दिली.

पुढच्या वेळी सनावळी नको. भालाधारीचे फक्त पाय काढून पाठव, एकदा बुंध्यासकट, एकदा बुंध्याशिवाय. घोटे नीट बघून काढ, तुझे नेहमी जाड होतात.