वर्गातील मुलांकडून ऑनलाइन एकत्रित लेखन करून घेताना प्रत्येकाचा सहभाग कसा राखावा?

संपूर्ण वर्गाला एकाच फाइलमध्ये लिहायला लावू नये. तीन-चार जणांचे गट करून प्रत्येक गटाला स्वतंत्र गूगल डॉक द्यावे. पहिला खर्डा झाल्यावर मुलांना परस्परांच्या मजकुरावर 'सजेस्टिंग' पद्धतीनेच काम करू द्यावे, कारण त्यात मूळ वाक्य पुसले न जाता सुचवलेली दुरुस्ती वेगळ्या रंगात दिसते आणि ती स्वीकारायची की नाही, याचा विचार लिहिणाऱ्याला करावा लागतो. 'नदी आटली' या वाक्याशेजारी एखादी मुलगी 'हे कोणाला दिसले?' असे विचारते, तेव्हा त्या दोन शब्दांचा परिच्छेद होतो. माझ्या मते खरे लेखनशिक्षण तेच आहे. १९९५ साली प्रोग्रॅमर वॉर्ड कनिंगहॅम यांनी सुरू केलेल्या पहिल्या विकीमागेही (विकी म्हणजे वाचकांना स्वतः बदल करता येणारे संकेतस्थळ) वाचणाऱ्यानेच मजकूर सुधारावा, हीच कल्पना होती.

कोणी किती लिहिले हे 'व्हर्जन हिस्टरी'त, म्हणजे डॉकमधील बदलांच्या नोंदीत, दिसते. मात्र त्यासाठी प्रत्येकाने स्वतःच्या खात्यातून लिहायला हवे. गुण देताना केवळ शब्दसंख्या पाहू नये, कारण नेमका प्रश्न विचारणारे मूलही त्या लेखाचे सहलेखकच असते.